न्यूट्रलची सवय

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, पण तेल भरल्याची पावती माझ्याकडे कोणी मागितली नव्हती. मी आपणहून द्यायचो, मालक न बघता खिशात घालायचा. ड्रायव्हरच्या धंद्यात यापेक्षा मोठा मान नाही. म्हणून मॅडम ज्या दिवशी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "भाऊ, आजपासून पावतीवर किलोमीटरचा आकडा लिहून देत जा," त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फक्त "हो जी" म्हटलं. आमच्याकडे राग कितीही आला तरी 'जी' सुटत नाही.

मॅडम डोळ्यांच्या डॉक्टर. भंडाऱ्यात त्यांचा दवाखाना आहे, आणि आठवड्यातून दोनदा त्या लाखांदूरला पेशंट तपासायला जातात. मी त्यांच्याकडे नऊ वर्षांपासून आहे. आधीची डिझेल गाडी मी अशी चालवायचो, की शोरूमवाल्याने सांगितलं होतं त्याच्याहून एक-दीड जास्तच अ‍ॅव्हरेज निघायचं. मॅडम चार लोकांत सांगायच्या, आमचे भाऊ गाडीला तेल नुसतं दाखवतात, पाजत नाहीत. ऐकून माझी कॉलर ताठ व्हायची, खोटं कशाला बोलू.

ते अ‍ॅव्हरेज यायचं न्यूट्रलमधून. ज्या उस्तादाने मला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्याचा पहिला धडा हाच होता. पूल चढून झाला की पलीकडच्या उतारावर गियर काढ. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता खाली आला की गियर काढ. गाव दिसलं, की पाय उचल, न्यूट्रल मार आणि गाडीला आपली घरंगळू दे. भंडारा-लाखांदूर रस्त्यावर घाट नाहीत, पण पूल आहेत, पाळी आहेत, आणि गतिरोधक तर विचारूच नका. काही जण उतारावर इंजिनच बंद करायचे. मी तेवढा येडा नव्हतो, पण न्यूट्रल माझ्या डाव्या हातात भिनलं होतं. यात धोका असतो, सगळा भार ब्रेकवर येतो, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच चार गोष्टी सुनावल्या असत्या.

याच अभिमानापायी मी एकदा एका माणसाचं वाईट केलं आहे. ते आधीच सांगून टाकतो, मागून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल. मॅडमच्या आधी मी एका राइस मिलवर होतो. मालकाच्या दोन जीप होत्या, एक माझ्याकडे, दुसरी माझ्या जोडीदाराकडे. तो माझ्याहून लहान, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेला, मासेमारी करणाऱ्या घरातला. एक दिवस मालकाने मला ऑफिसात बोलावलं. "तुही गाडी बारा देते, अन् त्याची आठ. काहून?" मी म्हटलं, "गाड्या एकाच कंपनीच्या हायेत जी. आठच देत असंल, तर बाकीचं तेल कुठंतरी जातच असंल ना." आणि वर हसलो. आठ दिवसांत त्याला काढून टाकलं. तो पुनर्वसनाच्या गावी परत गेला आणि धरणात जाळं टाकायला लागला, असं कानावर आलं. मी भेटायला गेलो नाही. त्याच्या जीपचं चाकसुद्धा कधी हात लावून पाहिलं नव्हतं मी.

तर मागच्या वर्षी मॅडमनी डिझेल गाडी विकली आणि हायब्रिड घेतली. हायब्रिड म्हणजे एका गाडीला ओढणारे दोन जण. पेट्रोलचं इंजिन एक, आणि जोडीला विजेवर चालणारी मोटर, तिच्यासाठी वेगळी बॅटरी. मला वाटलं, हिला आता मोबाइलसारखं रोज चार्जिंगला लावावं लागणार, आणि आमच्याकडच्या लाइटीचा काय भरवसा. शोरूममधली मुलगी म्हणाली, काका, हिला प्लगच नाही. पेट्रोल भरायचं आणि चालवायची, बॅटरी चालता चालता आपली भरते. कशी भरते तेही तिने सांगितलं असेल. मी तेव्हा टायर बघत होतो.

चालवायला लागलो तर सगळं नवलच. बटन दाबलं तरी आवाज नाही. दवाखान्याच्या फाटकातून निघून चौकापर्यंत गाडी नुसत्या मोटरवर जायची, रस्त्यातली गाय हलायची नाही, कारण तिला गाडी आल्याचं कळायचंच नाही. मोठ्या रस्त्याला लागून पाय दाबला की इंजिन जागं व्हायचं. समोरच्या पडद्यावर बाण उमटायचे, कधी इंजिनाकडून चाकाकडे, कधी बॅटरीकडून चाकाकडे. मी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ड्रायव्हरने रस्ता पाहावा, टीव्ही पाहू नये, असं माझं मत. क्लच नव्हता, गियर बदलायचे नव्हते, पण दांडीला न्यूट्रल होतं. माझ्या डाव्या हाताला तेवढं पुरलं.

शोरूमने तेवीस-चोवीस सांगितलं होतं. माझ्या हातात गाडी अठराच्या वर जाईना. जुनी डिझेल याहून बरी होती. दोन महिने मॅडमनी वाट पाहिली, मग गाडी नागपूरला सर्व्हिसिंगला न्यायला लावली आणि स्वतः सोबत आल्या. तिथल्या मेकॅनिकने लॅपटॉप जोडून गाडी आतून-बाहेरून तपासली आणि म्हणाला, "गाडी एकदम ठीक आहे मॅडम. चालवतं कोण?" मी तिथेच उभा होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. परतीच्या वाटेवर त्यांनी ते पावतीचं काढलं.

कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, गाडी ठीक आणि अ‍ॅव्हरेज कमी याचा अर्थ काय. तो सांगेल, ड्रायव्हर टाकीतून तेल काढून विकतो. राइस मिलमध्ये मीच ते बोललो होतो. आता तेच माझ्या नावावर लागायची वेळ आली होती. वय पन्नाशीच्या पुढे. भंडारा काही मोठं शहर नाही, तेलचोर म्हणून काढलेल्या माणसाच्या हातात कोणी चावी देत नाही. आणि चावी राहू द्या, रविवारी विहारात ज्या माणसांसोबत बसतो त्यांच्याकडे मी कोणत्या तोंडाने पाहणार होतो?

रागाच्या भरात नोकरी सोडावी असं दहादा मनात आलं. पण सोडली असती तर सगळे म्हणाले असते, पकडला गेला म्हणून पळाला. मग मी हट्टालाच पेटलो. तेल कुठे जातं ते शोधल्याशिवाय ही गाडी सोडायची नाही, काय व्हायचं ते होवो.

टाकीचं झाकण तपासलं. गाडीखाली झोपून पाइप पाहिले. दोन दिवसांआड टायरची हवा मोजली. पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं. एसी कमी केला, मॅडम घामाघूम व्हायला लागल्या. साठच्या वर गाडी नेली नाही, मागून धानाचे ट्रॅक्टर हॉर्न मारायला लागले. आणि हे सगळं करताना न्यूट्रल वाढवलं! आधी गाव दिसल्यावर मारायचो, आता गावाची पाटी दिसायच्या आधीच. अठराचं सतरा झालं. मला झोप लागेना, घासाची चव लागेना.

बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, न बोलणाऱ्या पोरांचं पोट दुखतं की डोकं हे तिला तोंड पाहून कळतं, तर माझं कळणार नाही? तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "भाताशी काहून भांडून राहिले? काय झालं ते सांगा." सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमी काढलं तेल?" मी असं पाहिलं तिच्याकडे. ती म्हणाली, "मंग बस्स. सापडंल."

त्याच आठवड्यात मॅडम शिबिरासाठी दोन दिवस लाखांदूरला राहिल्या. त्यांना आणायला मला रिकामी गाडी घेऊन जायचं होतं. बायकोची बहीण लाखांदूरला असते. मॅडमच फोनवर म्हणाल्या, गाडी रिकामीच येते आहे, वहिनींना घेऊन या. बायको पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली. गाडीतलं तिला काही कळत नाही, आणि म्हणूनच ती पडदा पाहत बसली.

पवनीच्या अलीकडे ती म्हणाली, "अवो, हा हिरवा बाण कायचा आहे?"

"असंल कायचातरी. तू रस्ता पाहा."

"रस्ता मी कायले पाहू? मी का गाडी चालवून राहिली?"

 पुढचं गाव दिसलं, मी पाय उचलला, न्यूट्रल मारलं.

"हे पाहा, पुसून गेला," ती म्हणाली. "तुमी पाय उचलला का चाकाकडून बॅटरीत हिरवा बाण जाते. मंग तुमी हे दांडी हालवता, अन् बाण पुसून जाते. मघापासून पाहून राहिली मी. दर खेपेले."

"तुले काय समजते त्यातलं?"

"समजत नाही. दिसते तर?"

मला असा राग आला की बोलता सोय नाही. सव्वीस वर्षं मी गाडी चालवतो आणि ही पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसून मला शिकवते.  मग एक पूल आला. उतारावर पाय उचलला आणि डावा हात मुद्दाम मांडीखाली दाबून धरला. कोणीतरी मागून हलकेच पदर धरावा तशी गाडी आपोआप हळू व्हायला लागली. पडद्यावर हिरवा बाण, चाकाकडून बॅटरीकडे. हात काढला, न्यूट्रल मारलं. बाण गेला, गाडी मोकळी पळायला लागली. पुढच्या चार गावांत चारदा करून पाहिलं, चारदा तेच झालं. मग गाडी रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली उभी केली, डॅशबोर्डच्या कप्प्यातून कंपनीचं पुस्तक काढलं, पानांचे फोटो मोबाइलने काढून मराठी करून घेतले. तिथे चौकटीत ठळक लिहिलेलं होतं की गाडी न्यूट्रलमध्ये असताना बॅटरी चार्ज होत नाही. इतके महिने ते पुस्तक माझ्या हाताशी पडलं होतं.

आमच्या शाळेच्या काळात सायकलला डायनामो असायचा. तो टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचं. उतारावर मात्र मजा, पाय न मारता फुकटात उजेड. या गाडीतली मोटर तोच डायनामो आहे. पाय दाबला की ती बॅटरीतून वीज घेऊन चाक फिरवते. पाय उचलला किंवा ब्रेक हळू दाबला, की उलटं चाक तिला फिरवतं आणि ती वीज करून बॅटरीत भरते. साध्या गाडीत धावण्याचा सगळा जोर ब्रेकवर घासून तापून जातो, हिच्यात त्यातला बराचसा परत कामी येतो. पुढच्या वेळी गाडी उठते ती त्या साठवलेल्या विजेवर, तेवढा वेळ इंजिन झोपून राहतं, आणि पेट्रोल वाचतं ते तिथेच. मी दर उतारावर न्यूट्रल मारून डायनामो टायरवरून उचलत होतो. बॅटरी उपाशी राहायची, मग तिला भरायला गाडी उभी असतानाही इंजिन घुरघुरायचं. मला वाटायचं, नवीन गाडीची खोड असेल. इतके दिवस शोधत होतो तो तेलचोर म्हणजे माझाच डावा हात निघाला.

"आता मॅडमले सांगून टाका," बायको म्हणाली.

सांगणार होतोच, पण तोंड उघडायच्या आधी डोक्यात दुसराच घोळ शिरला. उद्यापासून नीट चालवली तर अ‍ॅव्हरेज सटकन वर जाणार. आणि मॅडम काय समजणार? पावत्या मागायला लागले, चोरी बंद झाली. म्हणजे बिघडवली तेव्हा नुसता संशय होता, आणि सुधारली की मी चोर ठरलो! मी कपाळ धरून बसलो. बायको म्हणाली, "मंग सांगू नका. त्याईले पुढं बसवा, जशी मले बसवली, अन् दाखवा."

पुढच्या गुरुवारी सकाळी मॅडम मागचं दार उघडायला लागल्या, तर मी पुढचं दार उघडून धरलं. "आज पुढं बसा जी. तुमाले काही दाखवायचं आहे. अन् हे अ‍ॅव्हरेज तुमच्याच हातानं शून्य करा." त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण बसल्या, बटन दाबलं. मी म्हटलं, "स्पीडवर डोळा ठेवा. जाताना साठ, येताना साठ. मी मुद्दाम पाय दाबला तर लगेच बोला." आणि लाखांदूरपर्यंत मी माझ्या जुन्या सवयीने गाडी नेली, दर उतारावर, दर गतिरोधकाला न्यूट्रल. चूक कळल्यावर तीच चूक जाणूनबुजून करणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. पोचलो तेव्हा पडद्यावर सतरा पूर्णांक काहीतरी होतं. मॅडमनी ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.

दुपारी पेशंट आटोपले. मॅडमनी पुन्हा शून्य केलं. मी खिशातून रुमाल काढला आणि दांडीभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली, हात चुकून गेला तर रुमाल लागावा म्हणून. "आता पाहा जी," म्हटलं. लाखांदूरच्या बाहेर पडलो. पहिल्याच पुलावर हात दांडीकडे गेला, रुमाल लागला, परत घेतला. दुसऱ्या गावाशी पुन्हा गेला. "भाऊ, हात," मॅडम म्हणाल्या. त्या पडद्यावरून नजर हलवत नव्हत्या. हिरवा बाण आला की बोट दाखवायच्या, हा आला, हा आला. ब्रेकही मी आता दुरूनच, हलकेच दाबत होतो, कारण एकदम दाबला तर साधे ब्रेकच घासतात आणि बॅटरीत कमी जातं. पवनी ओलांडून भंडाऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा आकडा चोवीसला टेकला होता.

मॅडमनी तोही आकडा त्याच चिठ्ठीवर लिहिला. मीच बोललो. इतके दिवस पोटात दाबलं होतं, आता दाबायचं नव्हतं. "तुमाले वाटलं, मी तेल काढतो."

"वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "सरळ विचारायला हवं होतं मी. विचारलं नाही, पावत्या मागितल्या. माझं चुकलं, भाऊ."

"विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो जी? मलेच मालूम नव्हतं."

"पावत्या आता नकोत." मग त्या म्हणाल्या, "किती ड्रायव्हरांचं असं होत असेल हो? बिघाड कुठेतरी दुसरीकडेच असतो, आणि नाव जातं माणसाचं."

मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांचं ते शेवटचं वाक्य ऐकून तो आनंद जागच्या जागी विझला. समोर पुनर्वसनाच्या गावाकडे वळणारा फाटा दिसत होता. नऊ वर्षांत या फाट्यावरून मी हजारदा गेलो असेन, आणि दर वेळी न्यूट्रल मारून पुढे घरंगळलो असेन.

"दहा मिनिटं थांबू का जी? एका माणसाले भेटायचं आहे." त्या हो म्हणाल्या.

माझा जुना जोडीदार घरासमोर जाळं दुरुस्त करत बसला होता. डोकं पांढरं झालं होतं त्याचं, माझ्याहून लहान असून. "काय गा, इकडं कसा?" म्हणाला, जसं काही काल भेटलो होतो. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, गाडीचं, न्यूट्रलचं, पावत्यांचं. राइस मिलच्या ऑफिसात त्याच्याबद्दल मी काय बोललो होतो, तेही सांगितलं. त्याचे हात जाळ्यात चालूच होते. मग मी विचारलं, "तुह्या जीपले तवा काय झालं होतं?"

"मांगचे ब्रेक धरून राहत होते. जॅक लावला तरी चाक हातानं फिरत नव्हतं. तेल पिणारच ना गाडी."

"मंग सांगतलं काहून नाही कोणाले?"

त्याचे हात पहिल्यांदा थांबले. "तुलेच सांगतलं होतं ना," तो म्हणाला. "दोनदा."

आणि मला आठवलं. मिलच्या वजनकाट्याजवळ तो उभा होता, हात ग्रीसने काळे. म्हणाला होता, दादा, मालक तुमचं ऐकतात, एकदा माहं चाक पाहून द्या ना. मी म्हटलं होतं, आधी न्यूट्रल मारायला शीक. जवळ उभे असलेले हमालही हसले होते. दुसऱ्यांदा तो कधी बोलला ते मला आठवलं नाही, म्हणजे मी ऐकलंच नव्हतं. माफ कर म्हणालो. तो पुन्हा जाळ्यातली गाठ शोधायला लागला.

गाडीत येऊन बसलो. रुमाल अजून दांडीला बांधलेलाच होता. "उद्या सकाळी दोन घंट्याची सुट्टी पाहिजे जी," मी मॅडमना म्हटलं. "राइस मिलच्या मालकाकडं जायचं आहे. एक गोष्ट खोटी सांगितली होती त्याले, ते दुरुस्त करून येतो."